सपकाळे मॅडम आणि माझी कुलूपबंद फाइल

सपकाळे मॅडमच्या टेबलावर माउस नव्हता. म्हणजे होता, पण ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळलेला. बाहेरचं कुणी त्यांच्या काँप्युटरवर काही दाखवायला बसलं, की आपण पाहुण्यांसाठी ठेवणीतली कपबशी काढतो तसा त्या तो माउस काढायच्या, जोडून द्यायच्या आणि पाहुणा उठला की पुन्हा गुंडाळून आत. त्यांना स्वतःला तो कधी लागला नाही. माउसकडे हात नेणं म्हणजे जेवताना मधेच उठून मीठ आणायला जाणं, असं त्यांचं मत होतं.

धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात मी काँप्युटर शिकवतो. ‘शिकवतो’ हा शब्द नेमणूकपत्रातला आहे, विद्यार्थ्यांचं मत वेगळं असू शकतं. आमच्याकडे पाटील बरेच, त्यामुळे मला ‘काँप्युटरचे पाटील’ म्हणतात. सपकाळे मॅडम विभागप्रमुख. मूळच्या फैजपूरच्या, घर जळगावला. सोमवारी सकाळच्या एसटीने यायच्या, आठवडाभर देवपुरात भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारी परत जायच्या. उंची बेताची, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावर ऐकू जायला पहिल्या बाकाला गप्प बसावं लागायचं. आणि ते बसायचे. माझ्या वर्गात माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही.

प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. मॅडमचा एडिटर जुन्या चालीचा, काळ्या पडद्याचा. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्याचे भक्त आणि त्याच्या विरोधी एडिटरचे भक्त अजून एकमेकांत सोयरीक करत नाहीत, उगाच माझ्या दारात भांडण नको. या एडिटरची गंमत अशी, की तो हातात येतो तेव्हा रिकाम्या घरासारखा असतो. खिडकी कुठे, दिवा कुठे, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे सगळं एका सेटिंगच्या फाइलीत आपलं आपण लिहायचं. मॅडम ती फाइल नोकरीला लागल्यापासून लिहीत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेजारी ती का लिहिली त्याचं कारण मराठीत. ‘उजवा खांदा दुखतो म्हणून.’ ‘मे महिन्यात लाइट जाते तेव्हा बॅटरी पुरावी म्हणून.’ ‘एसटीत अक्षर हलतं, म्हणून मोठं.’ एका ओळीपुढे नुसतं ‘राग आला होता’ एवढंच होतं. ती ओळ काय करते हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यांनी एक बटण खास विद्यार्थ्यांसाठी बांधलं होतं. पोरांचे प्रोग्रॅम तपासताना ते दाबलं की त्या ओळीपुढे आपोआप उमटायचं, ‘कशासाठी?’ बस. चूक आहे असं नाही, बरोबर आहे असंही नाही. पोरं त्या शब्दाला अशी टरकायची की ओळ का लिहिली ते आठवेना झालं, तर सरळ काढून टाकायची. प्रोग्रॅम निम्मे व्हायचे आणि चालायला लागायचे.

“जी ओळ समजली नाही ती ठेवायची नाही,” हा त्यांचा एकमेव नियम. मी एकदा त्यांची फाइल मागितली. म्हणाल्या, “सर, मसाल्याचा डबा मागून नेतात का कुणी? तुमच्या घरी कोण किती तिखट खातं ते मला काय माहीत? स्वतःचा भरा.”

मी भरला. दिवाळीची सगळी सुटी खर्ची घातली. पण ओळी लिहीत बसायला मी काही सपकाळे मॅडम नव्हतो. इंटरनेटवर कुणा परदेशी माणसाने स्वतःसाठी केलेली भलीमोठी सेटिंगची फाइल सापडली, ती उचलली. एडिटर असा सजला की काय सांगू. सात रंगांची अक्षरं, प्रत्येक बटणाला टाइपरायटरचा टकटक आवाज, आणि खालच्या पट्टीत एक मांजर, मी टाइप करीन तसं पळणारं. बायको म्हणाली, “एवढं मन लावून ओट्यावरचा नळ दुरुस्त केला असता तर गळायचा थांबला असता.” पहिल्याच आठवड्यात मी ज्याला ‘जतन करा’चं बटण समजत होतो ते त्या परदेशी माणसाने ‘टाकून द्या’ला बांधलंय हे मला कळलं. अख्ख्या वर्गाची हजेरी गेली. मी सगळ्यांना हजर धरलं. त्या सत्रात मी लोकप्रिय होतो.

मॅडमना मी तो एडिटर अभिमानाने दाखवायला गेलो, तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. ही त्यांची आणखी एक सवय. दुसऱ्याच्या पडद्याकडे त्या बघत नसत. लॅबमधून फिरताना कुणाच्या खुर्चीमागून जायची वेळ आली, तर आधी खोकायच्या आणि मग छताकडे बघत पुढे जायच्या. पंख्याची पाती मोजतात असं पोरं म्हणायची.

“बघा ना मॅडम, मीच दाखवतोय.”

“तुमचा मेल उघडा आहे सर. तो बंद करा, मग बघते.” मी बंद केल्यावर त्यांनी मांजर पाहिलं. हसू आलं त्यांना, पण विचारलं तेच. “यातल्या किती ओळी समजल्या?”

“बऱ्याचशा.”

“नाही समजल्या त्या काढून टाका.”

“मग एडिटर उघडणारच नाही मॅडम.”

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

आता, ज्या बाईला दुसऱ्याच्या पडद्याकडे बघवत नाही, तिला सरकारने सगळ्यांच्या फोनमध्ये बघावं ही कल्पना कशी सोसावी? त्या दिवसांत अशा बातम्या यायच्या. लोकांचे निरोप कुलूपबंद जातात, सरकारला त्याची एक किल्ली हवी, वगैरे. स्टाफरूममध्ये चहाबरोबर यावर रोज खडाजंगी. मी सरकारच्या बाजूने. मॅडमच्या विरोधात बोललं की चहा लांबतो, हा माझा व्यावहारिक हेतू.

एकदा मी ठासून म्हणालो, “मॅडम, ज्याच्या मनात पाप त्याने घाबरावं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

मॅडमनी नुसता हात पुढे केला. “द्या फोन.”

मी दिला. त्यांनी तो पालथा टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला लागल्या. न बघता. माझ्या शेजारी प्राचार्य बसले होते, बिस्किट बुडवत. आणि मला आठवलं, की सकाळीच मी साडूला निरोप पाठवलाय. ‘प्राचार्यांनी केस रंगवलेत. बुटाचं पॉलिश वापरलंय असा वास येतो.’ मॅडमनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मला पंख्याखाली घाम फुटला. प्राचार्य प्रेमाने म्हणाले, “पाटील, बरं वाटत नाही का?”

“पाणी द्या सरांना,” मॅडम म्हणाल्या आणि फोन परत केला. “मी काहीच बघितलं नाही. तरी तुमचं हे असं झालं. आता हा फोन माझ्याकडे कायमचा आहे असं समजा, आणि मी कोण ते तुम्हाला माहीत नाही.”

त्यांचं म्हणणं पोलिसांच्या विरोधात नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. “चोर पकडायलाच हवा,” त्या म्हणायच्या. “कुणाचा फोन, कशासाठी, ते लिहा. न्यायाधीशाची सही आणा. मी स्वतः मदतीला बसते. पण सगळ्यांचंच कुलूप सैल करून ठेवायचं आणि मग चोर शोधायचा, याला तपास म्हणत नाहीत.”

मी तेव्हाही म्हणालो, “पण किल्ली चांगल्या माणसाकडे असली तर?”

“तिथेच घोळ आहे,” म्हणाल्या, आणि घंटा झाली.

त्या वर्षी आमच्या विभागाचा पेपर फुटला. पेपर मी काढलेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलींच्या वसतिगृहात त्याची छापील प्रत सापडली, ती किरणच्या गादीवर. किरण चोपड्याची. वडिलांचं तिथे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळून द्यायचं छोटं दुकान. घराण्यातून धुळ्यापर्यंत शिकायला आलेली ती पहिलीच. ती रडत रडत एकच सांगत होती, “सर, मला लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये मिळाला. मला वाटलं तुम्हीच सरावासाठी ठेवलाय. तुमचं नाव होतं वर.”

कुणी विश्वास ठेवला नाही, फोल्डर उघडूनसुद्धा पाहिला नाही, आणि याला कारण मी. मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, की पेपरची फाइल माझ्या लॅपटॉपवर कुलूपबंद आहे. पासवर्ड माझ्या डोक्यात. तिला असं कुलूप आहे की दिल्लीहून माणसं आली तरी उघडणार नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता.

आमच्या संस्थेचे सचिव नानासाहेब. सगळे त्यांना नाना म्हणतात. माणूस दिलदार, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की तिला बाहेर यायला दार नसायचं. रागावले की अहिराणीत जायचे. “मी सांगस ते आयका,” ते प्राचार्यांच्या टेबलावर थाप मारून म्हणाले, “बठ्ठ्या पोरीस्ना फोनमा ते ॲप टाका. आते नजर ठेवनीच पडी.” कुणी ओळखीच्याने त्यांना एक सुरक्षा ॲप आणून दिलं होतं. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये ते बसवायचं, आणि तिचे निरोप, फोटो, ती कुठे जाते, सगळं ऑफिसातल्या एका काँप्युटरवर दिसणार. ज्या मुलीला मान्य नसेल तिने वसतिगृह सोडावं. आणि किरणने तर सोडायचंच. हे जाहीर करायला रविवारी पालकसभा.

मॅडमनी नानांना खूप समजावलं. नाना म्हणाले, “तुम्हाले जे बोलनं ते सभामा बोला. मी पोलीस खात्यातले देसले साहेब बोलावले शेतस.” मॅडम म्हणाल्या, “बोलते.”

आणि मी? मला नानांनी त्या ॲपचा सुरक्षा अधिकारी केला. सगळे फोन उघडणारी मुख्य किल्ली, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, माझ्या हवाली. मी तोही कुलूपबंद फाइलीत ठेवला. घरी गेल्यावर बायकोला नवं पद सांगितलं. ती म्हणाली, “नळ अजून गळतोय.”

रविवारी सभागृह भरलं. शिरपूर, साक्री, चोपडा, कुठून कुठून आईवडील आले होते. किरणचे वडील मागच्या भिंतीला टेकून उभे. मागच्या काही खुर्च्या रिकाम्या असून बसले नव्हते. परत जाताना पोरीचं सामान बरोबर न्यायचं म्हणून दोर्‍यासुद्धा आणल्या होत्या त्यांनी, खांद्यावर गुंडाळून. त्या दोर्‍या बघून मॅडम क्षणभर थांबल्या आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

देसले साहेब निवृत्त पोलीस अधिकारी, बोलायला साधे आणि नेटके. त्यांनी एक हकिगत सांगितली. स्टँडवरून पळवलेली एक लहान मुलगी, आणि पळवणाऱ्याच्या फोनचा माग काढत ती कशी सापडली. सभागृहात बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या खूप झाल्या, मीही वाजवल्या. “लोकांना वाटतं आम्हाला लोकांच्या गप्पा ऐकायची हौस,” साहेब म्हणाले. “हौस नाही. पण कुलुपाची एक किल्ली आमच्याकडे असती तर अशा कितीतरी लेकी लवकर सापडल्या असत्या.”

मॅडम उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही. सभागृह आपोआप पुढे झुकलं.

“साहेब, त्या मुलीसाठी तुमचे आभार मानते. एक विचारू? फोन कुणाचा तपासला?”

“पळवणाऱ्याचा. संशयिताचा.”

“परवानगी घेऊन?”

“अर्थातच. रीतसर.”

“म्हणजे कुलूप मोडायचा अधिकार तुम्ही मागून घेतलात, एका फोनसाठी. स्टँडवरच्या सगळ्या प्रवाशांचे खिसे उघडे ठेवा असं नाही म्हणालात.”

साहेबांनी मान हलवली. “नाही म्हणालो. पण मॅडम, किल्ली जबाबदार माणसाकडे असेल तर तुमची हरकत काय?”

“तेच विचारायचंय. त्याचं नाव काय?”

नाना खुर्चीतून उठले. त्यांना हाच प्रश्न हवा होता. “आमचे पाटील सर,” ते म्हणाले. “अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांच्या फाइलीला असं कुलूप आहे की तेच उघडू शकतात. सर, दाखवा.”

मी नवा सफारी शिवून घेतला होता. उठलो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर माझा एडिटर उमटला, सात रंगांत, मांजरासकट. पोरं हसली, मला वाटलं कौतुकाने. मी किल्लीची फाइल उघडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “सर, खरी किल्ली नको. चारचौघांत काढू नका. खोटं गुपित लिहा एखादं.”

नाना खुशीत आले. “माझं लिहा.” त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगावर रुमाल धरला आणि माझ्या कानात सांगितलं. मी टाइप केलं, कुलूप लावलं, जतन केलं. मांजर पळालं. नानांनी रुमाल काढला, आणि मी फाइल बाहेरून, पासवर्ड न देता उघडून दाखवली. भिंतीवर नुसता चिन्हांचा चिवडा. कुणाच्या बापाला कळणार नाही असा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मॅडमकडे असं पाहिलं, की बोला आता.

मॅडम भिंतीकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पडद्याकडे अशा टक लावून.

“सर, मांजराच्या शेजारी एक बारीक ओळ आलीय. वाचता का?”

मी चष्मा सरसावला. इतके महिने मी मांजर बघत होतो, ओळ नाही. वाचली. “प्रत ठेवली, सामायिक फोल्डर.”

“कसली प्रत?”

आता सांगतो. त्या परदेशी माणसाच्या फाइलीत एक सोय होती. तुम्ही काहीही लिहा, त्याची एक जादा प्रत आपोआप बाजूला ठेवली जायची, मूळ फाइल बिघडली तर हाताशी असावी म्हणून. प्रत कुठे ठेवू, एवढंच तिने विचारलं होतं. हजेरीचा धडा ताजा होता. मी लॅबचा सामायिक फोल्डर सांगितला, कुठल्याही काँप्युटरवरून मिळावी म्हणून. त्या अख्ख्या फाइलीत मला पूर्ण समजलेली ती एकमेव ओळ. फक्त ती प्रत कुलूप लावण्याआधीची, उघड्या अक्षरांतली निघते, हे समजलं नव्हतं.

“किरण,” मॅडम म्हणाल्या, “तुला पेपर जिथे सापडला तो फोल्डर उघड बरं.”

किरण बायकांच्या रांगेतून उठली. स्टेजवर आली, माझ्याकडे न बघता सभागृहाच्या काँप्युटरवर बसली, प्रोजेक्टर त्याला जोडला आणि लॅबचा फोल्डर उघडला. सगळ्यात वर, माझ्या नावाची, आत्ताची ताजी फाइल. तिने ती उघडली. भिंतीवर हातभर अक्षरांत आलं:

‘डॉक्टरांनी जिलबी बंद केली आहे. मी रोज स्टँडमागे जाऊन खातो. घरी सांगू नका.’

पहिल्या रांगेत नानांच्या पत्नी, अक्का, बसल्या होत्या. अक्कांनी भिंत वाचली, मग नानांना वाचलं. सभागृहात असं हसू फुटलं की देसले साहेबांना टोपी काढून तोंडावर धरावी लागली. त्या हशात किरणने खालची फाइल दाखवली, फाइलीच्या नावातच दिसत होतं, सुरक्षा ॲपची मुख्य किल्ली. तिने ती उघडली नाही. नुसतं बोट ठेवलं. आणि तिच्याखाली फुटलेला पेपर.

हसू थांबलं.

“हाई कसं व्हयनं?” नाना हळूच म्हणाले, कुणालाही नाही, हवेलाच.

देसले साहेब उभे राहिले. मोठा माणूस, खरंच. म्हणाले, “मॅडम, तीस वर्षं मी चोर शोधले. इथे चोर सापडला तर तो प्रामाणिक निघाला. त्याला काय करायचं?”

“त्याला काही करू नका साहेब,” मॅडम म्हणाल्या. “तो माझा सहकारी आहे, चांगला माणूस आहे. फक्त त्याच्या हातात सगळ्यांची किल्ली देऊ नका. माझ्याही नको. तुमच्याही नको. पाटील सर वाईट असते तर हे मला इतकं पटवता आलं नसतं.”

मी मान खाली घातली नाही, कारण कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सगळे मागच्या भिंतीकडे बघत होते. किरणचे वडील पुढे येत होते. स्टेजपाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, “मनी पोर पहिल्या दिनपासून हाईच सांगत व्हती.” आणि खांद्यावरच्या दोर्‍या काढून त्यांनी नानांच्या टेबलावर ठेवल्या.

कुणाच्या तरी आईने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. वसतिगृहाच्या मुली उभ्या राहिल्या, खुर्च्या वाजवल्या, शिट्ट्यासुद्धा. शिट्टी मुलींकडून येतेय हे बघून प्राचार्यांनी आधी दचकून पाहिलं आणि मग स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. नाना टाळ्या थांबेपर्यंत उभे होते. मग माइक हातात घेऊन, मराठीत, नीट म्हणाले, “ॲप रद्द. किरण वसतिगृहात राहील. तिची मी माफी मागतो. परीक्षा नव्या पेपरवर होईल.” जरा थांबून म्हणाले, “पेपर पाटील सर काढणार नाहीत.” यावर सर्वांत मोठ्या टाळ्या झाल्या.

मी नंतर मॅडमना विचारलं, तुम्हाला आधीच संशय होता का?

“संशय नाही,” त्या म्हणाल्या. “किरण खोटं बोलत नाही हे माहीत होतं. तुम्हीही बोलत नाही हे माहीत होतं. म्हणजे तिसरं कुणीतरी गप्प होतं. ते तुमच्या पडद्यावर असणार असं वाटलं, पण तो मी कशी बघणार?”

“सरळ लॅपटॉप मागितला असतात तर मी दिला असता.”

“तेवढ्यासाठी तुमचा लॅपटॉप चाळायचा, तर नानांमध्ये आणि माझ्यात फरक काय? तुम्हीच भिंतीवर लावलात, मग वाचलं.”

त्या आठवड्यापासून लॅबमध्ये मुलींची रांग लागली. कुलूप कसं लावायचं, किल्ली कशी करायची. मॅडम एकेकीला कोरी फाइल उघडून द्यायच्या, रिकामं घर, आणि पहिली ओळ लिहिली की विचारायच्या, कशासाठी. किरणने तिच्या पहिल्या ओळीपुढे लिहिलं, ‘प्रत कुठेही ठेवू नये म्हणून.’ मीही एक दिवस त्या रांगेत बसलो. माझं मांजर तेवढं त्यांनी राहू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना जळगावच्या कॉलेजात जागा मिळाली, घराजवळ. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. शनिवारी दुपारी नेहमीच्या गाडीने जाते म्हणाल्या. धुळे स्टँडवर मी त्यांची बॅग धरून होतो, बरोबर किरण आणि वसतिगृहाच्या निम्म्या मुली. गाडी लागली. मॅडम खिडकीशी बसल्या. कंडक्टरने घंटी दिली तोच गर्दीतून नाना धापा टाकत आले, हातात फोन उंच धरलेला.

“मॅडम, थांबा. तुम्ही शिकवलं तसं मी याला कुलूप लावलं. आता घरचं कुणी बघू शकत नाही ना?”

“नाही बघू शकत नाना. चांगला मोठा पासवर्ड ठेवलात ना?”

“मोठा? ऐका तर खरं.” नाना खिडकीशी सरकले, गाडीच्या इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवला, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा पासवर्ड सांगायला सुरुवात केली.

मॅडमनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले, डोळे मिटले आणि खो खो हसायला लागल्या. गाडी हलली. नाना शेजारून चालत सांगतच होते, मुली टाळ्या पिटत होत्या, आणि जळगावची एसटी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत त्या खिडकीतले ते दोन हात कानांवरून खाली आले नाहीत.